एका घरात दहा कोंबड्या, लसीची बाटली शंभरांची : गावठी कोंबड्यांची ‘मर’ थांबत का नाही?

महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या अगदी दक्षिणेला, सावंतवाडी तालुक्यात आरोंदा नावाचं गाव आहे. गावाला लागून तेरेखोल नदीची खाडी, आणि खाडी ओलांडली की गोव्याचा पेडणे तालुका. माडांच्या बागा, भातशेती, खाडीची मासळी. आणि सिंधुदुर्गातल्या कुठल्याही गावासारख्या, घरामागच्या परड्यात कोंबड्या. कुणाच्या चार, कुणाच्या दहा, फार तर वीस-पंचवीस.

या कोंबड्यांना गावात कुणी ‘व्यवसाय’ म्हणत नाही. राखणदाराला कोंबडा लागतो. पाहुणे आले की वडे-सागोती लागते. मुंबईचा चाकरमानी परत निघाला की गावठी अंडी तुसात भरून त्याच्या पिशवीत जातात. उरलेलं विकलं की येणारे पैसे बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतात. नवऱ्याला विचारावं लागत नाही असं उत्पन्न गावात फार थोडं असतं, त्यातलं हे एक. शेजारी गोवा आणि पर्यटन, त्यामुळे गावठी कोंबडीला बॉयलरपेक्षा चांगला भाव मिळतो.

आणि मग एखाद्या वर्षी मर येते.

आधी वाडीच्या एका टोकाला दोन कोंबड्या मान टाकतात. आठवड्याभरात शेजारच्या चार घरांची खुराडी रिकामी होतात. पंधरा दिवसांनी अख्ख्या वाडीत पहाटे कोंबडा आरवत नाही. पुढचे सहा महिने लोक बाहेरून पिल्लं आणतात, वाढवतात, आणि साधारण वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तेच. ‘कोंबड्यांना मर लागली’ एवढंच म्हणून गाव विषय सोडून देतं, जणू तो पावसासारखा नैसर्गिकच आहे.

तो तसा नाही. या मरीला नाव आहे, तिची लस आहे आणि ती लस स्वस्त आहे. तरीही ती परड्यातल्या कोंबडीपर्यंत पोहोचत नाही. यामागचं मुख्य कारण बाटलीच्या आकारात आहे. पण आधी रोग समजून घेऊ.

मानमोडी म्हणजेच राणीखेत

मराठीत या रोगाला मानमोडी म्हणतात, कारण वाचलेल्या काही कोंबड्यांची मान वाकडी होते. डोकं उलटं फिरतं, कोंबडी गोल गोल फिरते आणि दाणा टिपायला गेली की चोच भलतीकडेच पडते.

शास्त्रीय पुस्तकांत त्याची दोन नावं सापडतात. १९२६ साली हा रोग जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराजवळ आढळला, म्हणून जगभर त्याला न्यूकॅसल रोग म्हणतात. पुढच्याच वर्षी तो भारतात कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेत इथे सापडला, म्हणून आपल्याकडे राणीखेत. गंमत अशी की त्यावरची एक जुनी, अजूनही वापरात असलेली भारतीय लस त्याच कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात तयार झाली. रोगाला नाव एका डोंगरानं दिलं आणि लस शेजारच्या डोंगरानं.

हा विषाणूचा आजार आहे. सुरुवातीला कोंबडी पंख पाडून एका कोपऱ्यात बसते, खात नाही. चोच उघडी टाकून श्वास घेते, घशातून घरघर येते. हिरवट, पाण्यासारखी विष्ठा होते. अंडी देणारी असेल तर अंडी एकदम बंद होतात, किंवा मऊ कवचाची, वेडीवाकडी अंडी पडतात. काही कोंबड्यांचे पाय किंवा पंख लुळे पडतात. विषाणू जोरदार असेल आणि कळपाला लस दिलेली नसेल, तर दहातल्या नऊ किंवा दहाच्या दहा मरतात. यावर औषध नाही. पुढे काय करायचं ते या एका वाक्यावरूनच ठरतं.

विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस जातात, पण दोन ते पंधरा दिवसांत कधीही लक्षणं दिसू शकतात. म्हणजे बाजारातून आणलेली ठणठणीत दिसणारी तलंग रोग घेऊन आलेली असू शकते. तलंग म्हणजे अजून अंडी न घालणारी तरुण कोंबडी. गावात सगळ्यात जास्त खरेदी-विक्री हिचीच होते.

रोग पसरतो विष्ठेतून, नाका-चोचीतल्या स्रावातून आणि मेलेल्या पक्ष्यातून. पण वाडीत त्याला फिरवतात ती माणसं. एका घरात कोंबड्या आजारी दिसल्या की उरलेल्या ‘मरण्याआधी’ विकून टाकायच्या, हा सगळीकडचा हिशेब. तो एका घरापुरता पटण्यासारखाही आहे. पण त्याच कोंबड्या आठवडी बाजारातून दुसऱ्या गावात जातात. मेलेली कोंबडी व्हाळात किंवा खाडीत टाकली जाते, कुत्रा ती ओढत तिसऱ्या परड्यात नेतो. कोंबड्या विकत घेणारा फिरस्ता त्याच पिंजऱ्यासह पुढच्या वाडीत जातो. कोकणातल्या परड्यांना गडगा असतो, पण कोंबडीला गडगा कळत नाही. सकाळी खुराड्यातून सुटलेली कोंबडी शेजाऱ्याच्या उकिरड्यावर चरते, शेजाऱ्याची हिच्या. मालक दहा असले तरी रोगाच्या दृष्टीनं वाडीतल्या सगळ्या कोंबड्यांचा मिळून एकच कळप असतो.

शंभरांच्या बाटलीचा प्रश्न

राणीखेतच्या लसी पोल्ट्री फार्मसाठी बनतात. लस पावडरच्या स्वरूपात, छोट्या काचेच्या बाटलीत येते. एका बाटलीत शंभर, दोनशे, पाचशे किंवा हजार मात्रा. ती २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. वापरताना सोबतच्या द्रावणात मिसळायची, आणि एकदा मिसळली की साधारण दोन तासांत संपवायची. उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. त्यात जिवंत पण सौम्य केलेला विषाणू असतो आणि उन्हात, उष्णतेत तो मरतो. मेलेली लस दिसायला अगदी चांगल्या लसीसारखीच असते, त्यामुळे फसलेलं कळतही नाही.

आता आरोंद्यासारख्या गावातलं एक घर घ्या. दहा कोंबड्या. तालुक्याच्या ठिकाणाहून बाटली आणायची, बर्फात आणायची, फोडायची, दहा थेंब वापरायचे आणि नव्वद थेंब ओतून द्यायचे. पैशांपेक्षा खटाटोपच नको वाटतो. त्यात पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते, म्हणजे घरच्या फ्रिजचा भरवसा नाही. आणि एवढं करूनही शेजाऱ्यांच्या नव्वद कोंबड्या उघड्याच. पुढच्या पिल्लांची लस चुकली की रोग शेजारून तिथेच यायचा.

पण तेच गणित वाडीचं करा. दहा घरं, प्रत्येकी दहा कोंबड्या, एक बाटली. सकाळचे दोन तास.

म्हणून परसातल्या कोंबडीपालनावर काम करणारे पशुवैद्यक आणि संस्था घराऐवजी वाडी हा हिशेबाचा एकक धरतात. महाराष्ट्रात ‘उमेद’ अभियानात बचत गटांतल्या बायकांना पशुसखी म्हणून तयार केलं जातं, त्यांच्याकडे लसीकरणाच्या मदतीचं कामही असतं. आपल्या गावात पशुसखी आहे का, एवढी चौकशी ग्रामपंचायतीत किंवा बचत गटात केली तरी अर्धं काम होतं. नसेल तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात वाडीतल्या कोंबड्यांचा एकूण आकडा घेऊन जायचं. ‘माझ्या दहा कोंबड्या आहेत’ आणि ‘आमच्या वाडीत बारा घरांत मिळून १४० आहेत, अमुक तारखेला लस हवी’ या दोन वाक्यांना मिळणारं उत्तर वेगळं असतं.

खेड्यातल्या कोंबडीची ही अडचण ओळखून ऑस्ट्रेलियात आय-२ नावाची, उष्णता बऱ्यापैकी सोसणारी लस तयार झाली आणि आफ्रिका व आशियातल्या अनेक देशांत ती गावोगाव डोळ्यात थेंब टाकून दिली गेली. टांझानिया, मोझांबिकसारख्या देशांत गावातलीच माणसं हे काम शिकली. तिथली युक्तीही हीच : सगळ्यांचा एकच दिवस.

लसीचा दिवस कसा असतो?

वेळ पहाटेची. कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी. एकदा परड्यात पांगल्या की दोन तास त्यांच्यामागे धावण्यात जातात, आणि माडावर बसलेल्या कोंबड्याला लस देणारा अजून जन्मायचा आहे. आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरानं आपल्या कोंबड्या मोजून, नीट कोंडून ठेवायच्या.

बर्फाची सोय या किनाऱ्यावर अवघड नाही, मासळीसाठी तो लागतोच. पण मासळीचा खोका वापरू नये. स्वच्छ थर्मास किंवा धुतलेला थर्माकोलचा डबा घ्यावा. बाटली कागदात गुंडाळून बर्फात, उन्हापासून दूर.

लसोटा (काही जण लासोटा म्हणतात) ही सौम्य लस. अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या एका शेतमालकाच्या आडनावावरून तिला हे नाव पडलं. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. थेंब टाकल्यावर पिल्लानं डोळा मिटेपर्यंत धरून ठेवायचं. लगेच सोडलं तर थेंब बाहेर. साधारण चार आठवड्यांनी पुन्हा तोच थेंब. मग सहा ते आठ आठवड्यांच्या वयात मुक्तेश्वरची, म्हणजे आर-टू-बी ही लस, सुईनं. ही जरा कडक लस आहे. सहा आठवड्यांच्या आतल्या, अशक्त किंवा आधी लसोटा न मिळालेल्या पिल्लांना ती सोसत नाही, आणि अंड्यांवर असलेल्या कोंबडीला दिली तर अंडी काही दिवस घटतात. म्हणून ती पशुवैद्यक किंवा शिकलेल्या माणसाकडूनच घ्यावी.

मोठ्या कोंबड्यांना काही महिन्यांच्या अंतरानं लसोटा पुन्हा द्यावी लागते. ती पिण्याच्या पाण्यातूनही देता येते, पण इथे एक स्थानिक खाचखळगा आहे. कोकणात पावसाळ्यात विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतं. क्लोरीन ज्या कारणानं माणसाचे जंतू मारतं त्याच कारणानं लसही मारतं. त्यामुळे पाण्यातून द्यायची असेल तर टीसीएल न टाकलेल्या विहिरीचं पाणी, प्लास्टिकचं किंवा मातीचं भांडं, आणि त्याआधी कोंबड्यांना एक-दोन तास तहानलेलं ठेवणं. परड्यात चरणारी कोंबडी मात्र डबक्यातलं पाणी पिऊन येते आणि लसीच्या भांड्याकडे बघतही नाही. दहा-वीस कोंबड्यांसाठी डोळ्यातला थेंबच खात्रीचा.

लसीनंतर दोन-तीन दिवस कोंबड्या किंचित शिंकल्या तर घाबरू नये. लस देणाऱ्यानं ते हात डोळ्यांना लावू नयेत, डोळे लाल होतात. ते आपोआप बरे होतात, पण चार दिवस त्रास होतो. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे शेजारच्या वाडीत मर सुरू झाल्यावर धावपळ करून आणलेली लस बऱ्याचदा उशिराची ठरते. शरीरात आधीच विषाणू शिरलेल्या कोंबड्या लस देऊनही मरतात आणि मग ‘लसीनंच मेल्या’ असा बोभाटा होतो. पुढची पाच वर्षं त्या वाडीत कुणी लसीचं नाव काढत नाही. एप्रिल-मे आणि पावसाळ्यानंतरचा ऑक्टोबर, हे दोन मोकळे काळ त्यासाठी बरे.

मर आलीच तर

आजारी कोंबड्या वेगळ्या कोंडायच्या, बाकीच्याही सोडायच्या नाहीत. निरोगींना आधी दाणा-पाणी, आजारींना शेवटी, आणि मधे हात-पाय साबणानं धुवायचे. विकायच्या नाहीत, पाहुण्याला भेट द्यायच्या नाहीत.

मेलेली कोंबडी खाडीत टाकायची नाही. खड्डा खोल हवा, वर चुना हवा, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड हवेत. पावसाळ्यात कोकणात हातभर खणलं की पाणी लागतं, तेव्हा जागा उंचावरची आणि विहिरीपासून लांबची निवडावी. रिकामं झालेलं खुराडं झाडून, धुवून, चुना मारून, उन्हात काही आठवडे तसंच ठेवावं. लगेच नवी पिल्लं भरण्याची घाई सगळ्यात महागात पडते.

मेडिकलमधून माणसांच्या कॅप्सूल आणून पाण्यात मिसळणं हा लोकप्रिय उपाय विषाणूवर काहीच करत नाही. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. ते उगाच दिलं तर अंड्यांत आणि मटणात त्याचा अंश उतरतो आणि जंतू औषधाला सरावतात. याच भीतीपोटी २०१९ मध्ये केंद्र सरकारनं कोलिस्टिन हे औषध खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांना देण्यावर बंदी घातली.

पावसाळा, मच्छर आणि पाय

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. गावठी कोंबडी काटक असते, भिजूनही फिरते. तिला मारतो तो खुराड्यातला ओलावा.

ओल्या, विष्ठेनं माखलेल्या जमिनीत रक्ती हगवणीचा परजीवी वाढतो. तीन ते आठ आठवड्यांची पिल्लं यात जास्त सापडतात. पिसं फुलवून, एकमेकांना चिकटून बसतात आणि विष्ठेत रक्त दिसतं. राणीखेतपेक्षा इथे एक दिलासा आहे : यावर औषध आहे, आणि पशुवैद्यकाकडून वेळेत आणून पाण्यातून दिलं तर पिल्लं वाचतात. खुराडं जमिनीपासून हातभर उंच, खाली फळ्यांमध्ये फटी, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि तळ कोरडा राहतो. जुनी लाकडी खुराडी बहुतेक अशीच असायची. सिमेंटचं पक्कं खुराडं बांधणाऱ्यांनी मात्र तळाला भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा घालून तो वरचेवर बदलावा लागतो. खत म्हणून तो माडाला जातोच.

पाऊस सरला की मच्छर, आणि मच्छरांबरोबर देवी. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती, चोचीच्या कडेला चामखिळीसारखे फोड येतात, नंतर त्यांची काळी खपली होते. मोठी कोंबडी बहुधा बरी होते. पिल्लाचे डोळे मिटून गेले तर ते उपाशी मरतं, म्हणून हातानं भरवावं लागतं. फोड खरवडू नयेत. देवीचीही लस असते, पंखाच्या पातळ कातडीत टोचतात, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास. माणसाच्या देवीशी या रोगाचा संबंध नाही, नाव तेवढं सारखं.

पायांवरचे खवले उचकटून पाय जाड, भुऱ्या खडबडीत दिसू लागले तर तो ‘म्हातारपणाचा’ परिणाम नसतो, खवल्यांखाली बारीक किडे असतात. पाय कोमट साबण-पाण्यानं धुवून करंजेल किंवा खोबरेल चोपडायचं, काही आठवडे, दर दोन-चार दिवसांनी. तेलानं किडे गुदमरतात. उवा-पिसवांसाठी कोंबडी स्वतःच धुळीत लोळते. पावसात कोरडी धूळ मिळत नाही, तेव्हा पडवीच्या कोपऱ्यात चुलीची थंड राख घालून ठेवली की झालं. जंतांचं औषध वर्षातून दोन-तीनदा, पशुवैद्यकानं सांगितलेल्या मापानं.

चारा : फुकट, पण पुरेसा नाही

परड्यातली कोंबडी किडे, वाळवी, गवताचं बी आणि घरातलं उष्टं खाऊन जगते. तिला प्रथिनं मिळतात ती किड्यांतून. उन्हाळ्यात किडे कमी झाले की अंडीही कमी होतात, त्यात नवल नाही. सकाळी मूठभर कण्या किंवा भात आणि संध्याकाळी थोडासा दाणा टाकण्याचा खरा उपयोग पोटापेक्षा सवयीसाठी आहे. संध्याकाळच्या दाण्याला कोंबड्या आपणहून खुराड्याजवळ येतात, तेव्हा त्या मोजता येतात आणि कोण लंगडतंय, कोण खात नाही हे दिसतं. आजार पहिल्या दिवशी ओळखण्याचं यापेक्षा सोपं साधन नाही.

मासळी साफ करताना उरणारं डोकं, आतडं कोंबड्यांना आवडतं आणि चांगलंही आहे, शिजवून दिलं तर आणखी. खारवलेली सुकी मासळी मात्र जपून. कोंबडीला जास्त मीठ सोसत नाही, आणि पाणी कमी पडलं तर मिठानं ती मरतेही.

अंड्याचं कवच जवळजवळ सगळं चुन्याचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं असतं आणि एका अंड्याला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. पातळ कवचाची अंडी पडू लागली तर विकतची पावडर आणण्याआधी आदल्या दिवशीच्या तिसऱ्यांच्या शिंपल्या आठवाव्यात. धुवून, भाजून, भरड कुटून वेगळ्या वाटीत ठेवायच्या. कोंबडी हवं तेवढंच खाते.

बुरशी आलेला दाणा किंवा पेंड ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणून टाकू नये. दमट हवेत धान्यावर वाढणाऱ्या बुरशीचं विष यकृतावर जातं.

खुडूक कोंबडीची किंमत

सरकारी योजनांतून आणि खासगी हॅचरीतून येणाऱ्या वनराजा, गिरिराज, ग्रामप्रिया अशा सुधारित जाती दिसायला देखण्या आणि अंड्यांना चांगल्या. गावठी कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते, वनराजा शंभराच्या पुढे जाते, ग्रामप्रिया त्याहून जास्त. मग सगळ्यांनी त्याच का पाळू नयेत?

कारण त्या खुडूक फारशा होत नाहीत. गावठी कोंबडी दहा-बारा अंड्यांवर २१ दिवस बसते, पिल्लं काढते, त्यांना चरायला शिकवते आणि घार दिसली की अंगाखाली घेते. हे सगळं फुकट. सुधारित जातीची पिल्लं दर वेळी विकत आणावी लागतात आणि जड अंगामुळे त्यांना पटकन उडून जाता येत नाही. मुंगुसाला तेवढंच हवं असतं. दोन-तीन खुडूक होणाऱ्या गावठी कोंबड्या राखून त्यांच्याखाली सुधारित जातीची अंडी उबवणारी घरं दोन्हीकडचा फायदा घेतात.

अंड्यांवर बसवताना ती आठ-दहा दिवसांहून शिळी नसावीत. सातव्या दिवशी रात्री टॉर्चवर धरून पाहिलं तर भरलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. रिकामी काढून टाकावीत. गडगडाटानं अंडी बिघडतात अशी समजूत आहे आणि त्यासाठी टोपलीत लोखंडाचा तुकडा ठेवतात. अंडी बिघडतात ती शिळी असल्यामुळे, कोंबडी वरचेवर उठल्यामुळे किंवा वळवाच्या दिवसांतल्या उकाड्यामुळे. लोखंडानं नुकसान काही नाही.

रात्रीच्या पाहुण्यांबद्दल थोडंसं. मुंगूस, उदमांजर, कोल्हा, कधी बिबट्याही. खुराड्यात अजगर सापडणं ही सिंधुदुर्गात नवलाईची बातमी राहिलेली नाही. तो एक कोंबडी गिळतो आणि फुगल्यामुळे आल्या फटीतून बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून सकाळी सापडतो. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला मारणं गुन्हा आहे. वनविभागाचा क्रमांक १९२६. बारीक जाळी आणि आतून न ढकलता येणारी कडी हा खर्च एकदाच करावा लागतो.

आणि बर्ड फ्लू?

मर लागली की आता पहिला प्रश्न हाच येतो. भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच सुमारास दापोलीत मेलेल्या कावळ्यांतही तो सापडला, म्हणजे कोकणही त्यापासून लांब नाही. हिवाळ्यात खाड्यांवर स्थलांतरित पक्षी उतरतात. खाडीकाठी चरायला सोडलेल्या कोंबड्या आणि बदकं यांचा त्यांच्याशी संबंध येतो.

राणीखेत आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत, पशुवैद्यकालाही नाही. नमुने आधी पुण्याच्या प्रयोगशाळेत आणि तिथून भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात, तेव्हाच निदान पक्कं होतं. म्हणून अचानक बऱ्याच कोंबड्या मेल्या, किंवा आसपास कावळे मेलेले दिसले, तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नये, सोलू-कापू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कळवावं. नीट शिजवलेल्या मटणात आणि उकडलेल्या अंड्यात विषाणू टिकत नाही, ७० अंशांच्या उष्णतेला तो मरतो. धोका कच्चं हाताळण्यात आहे.

कळवलं तर सगळ्याच कोंबड्या मारतील, ही भीती गावात असते, आणि ती अगदीच खोटी नाही. निदान पक्कं झालं तर केंद्राभोवतीच्या एक किलोमीटर परिसरातले पक्षी नष्ट केले जातात, परड्यातलेही. पण त्यासाठी सरकार भरपाई देतं, आणि ती मिळते नष्ट केलेल्या पक्ष्यांची. खबर देण्याआधी मरून गेलेल्या कोंबड्यांची मिळत नाही. चार दिवस वाट पाहणाऱ्या घराची कोंबडीही जाते आणि तिचे पैसेही.